प्रोग्रामवरचं नाव

पहिल्या नोकरीतल्या माझ्या वरिष्ठ, मॅडम, यांचं देणं सांगायचं तर कोबोलमधल्या एका ओळीपासून सुरुवात करावी लागते. कोबोल ही १९५९ पासूनची प्रोग्रामिंगची भाषा. बँका, विमा, पगारपत्रकं असल्या हिशेबी कामांसाठी घडवलेली. तिच्यात प्रोग्रामचे चार भाग असतात आणि पहिल्या भागात, प्रोग्रामच्या नावाखाली, ‘ऑथर’ म्हणून एक ओळ लिहायची सोय होती. ती लिहिली काय नि न लिहिली काय, यंत्राला सारखंच. १९८५ च्या स्टँडर्डमध्ये ती कालबाह्यांच्या यादीत गेली आणि २००२ मध्ये काढूनच टाकली. कोणाचं काही अडलं नाही.

१९९३ साली मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीत कामाला लागलो तेव्हा आमच्याकडे सगळे त्या ओळीत कंपनीचं नाव टाकत. माझा पहिला प्रोग्राम सेव्हिंग खात्याच्या व्याजाचा. त्या काळी व्याज रोजच्या शिलकेवर मिळत नसे. दहा तारखेपासून महिनाअखेरीपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी रक्कम राहिली असेल तिच्यावर मिळे. (ही पद्धत १ एप्रिल २०१० ला बंद झाली. तरुण वाचकांना खोटं वाटेल.) प्रिंटआउटचा लांबलचक कागद घेऊन मी मॅडमपुढे उभा राहिलो. त्यांनी लाल पेनानं पहिली खूण केली ती व्याजाच्या गणितावर नाही, त्या ओळीवर.

‘‘हे काय? कंपनीला बोटं आहेत का टाइप करायला?’’

‘‘मॅडम, सगळे असंच लिहितात.’’

‘‘लिहू देत. तू तुझं नाव घाल. वडिलांचंही घाल, पूर्ण.’’

मी घातलं. पुढं सहा-सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो, आणि आमच्या टीमच्या प्रत्येक प्रोग्रामवर लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव असायचं. कुणी त्यात दुरुस्ती केली तर त्याचं नाव खाली, तारखेसकट. आज कोणती ओळ कोणी कधी लिहिली हे गिट नावाचं सॉफ्टवेअर एका कमांडीत सांगतं. ती माहिती शाबासकी द्यायला वापरायची की मानगूट धरायला, हे मात्र अजूनही साहेबच ठरवतो.

मॅडमचं नाव मी इथं देत नाही. ‘‘लिहायचं तर लिही, पण माझं नाव गाळ,’’ अशी अट त्यांनी घातली. दुसऱ्यांना पूर्ण नाव लिहायला लावणाऱ्या बाईनं ही अट घालावी हे मला पटलेलं नाही. पण त्यांचा शब्द मोडायची माझी आजही टाप नाही.

आम्ही शिवडीचे. टोकरशी जीवराज वाडीच्या बाजूला चाळ, दहा बाय बाराची खोली. लिव्हरच्या कारखान्याकडून वारा आला की साबणाचा वास आणि खाडीकडून आला की चिखलाचा. आता शिवडी म्हटलं की लोकांना फ्लेमिंगो आठवतात, नाहीतर अटल सेतू. आमच्या लहानपणी त्या दलदलीकडे कोणी फिरायला जात नव्हतं, गेलाच तर मार खाऊन परत यायचा. बाबा शिवडीतल्याच एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, विणकर. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होतो. गिरणगावातले अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत बाबा एक. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. बाबा पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. दारूखाना भागात एका लोखंडाच्या गोदामात हिशेबनीस कम राखणदार म्हणून लागले आणि तिथंच म्हातारे झाले.

व्याजाच्या प्रोग्रामचा तो कागद मी घरी आणला होता. बाबांचं शिक्षण मराठी सातवीपर्यंत, पण कापडाच्या ठाणांवरचे शिक्के वाचून वाचून इंग्रजी मोठी अक्षरं त्यांना लागायची. त्यांनी चष्मा लावला, कागद दिव्याखाली धरला आणि माझ्या नावापुढचं स्वतःचं नाव बोटानं एकेक अक्षर करत वाचलं. मग म्हणाले, ‘‘आमच्या कापडावर साच्याचा नंबर असायचा. तोही कशासाठी, तर डाग निघाला की कोणाच्या पगारातून कापायचं ते कळावं म्हणून.’’ एवढं बोलून त्यांनी कागदाची घडी केली आणि ती ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. आई विचारत होती, की हे एवढं जपायचं ते काय आहे? ‘‘पोरानं विणलेलं,’’ बाबा म्हणाले.

दंडाची ती गोष्ट खरी होती. गिरण्यांत एके काळी खराब झालेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करत. १९३६ च्या पगारवाटप कायद्यानं दंडाला मर्यादा घातली, तरी साहेबाची नजर काही कायद्यानं बदलत नाही. बाबा म्हणायचे, जॉबर, म्हणजे लाइनीवरचे मुकादम, दोन जातीचे. साचा बंद पडला की एक आधी साच्याकडे बघतो, दुसरा आधी माणसाकडे. पहिल्याच्या लाइनीत माणसं टिकतात. मी पुढं मॅनेजमेंटची पुष्कळ पुस्तकं चाळली. याहून कामाचं वाक्य फारसं सापडलं नाही.

मॅडम पहिल्या जातीच्या. रात्री बँकेतून फोन आला, की डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करायचं काम, अडकलंय, तर त्यांचा प्रश्न ‘कुणी केलं?’ असा कधीच नसायचा. ‘कुठल्या पायरीवर थांबलंय?’ हा असायचा. त्या मूळच्या गिरगावातल्या, चाळीतल्याच. पंच कार्डांच्या काळात या धंद्यात शिरलेल्या. प्रोग्रामची कार्डं भोकं पाडून, गठ्ठा बांधून काउंटरवर द्यायची, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला तर आणखी एक दिवस. आयबीएम १९७८ मध्ये देशातून निघून गेली तेव्हा त्यांच्या सेंटरमधली यंत्रं आता कोण दुरुस्त करणार, ही काळजी त्यांनी अनुभवली होती. त्यामुळं ‘लवकर कर’ हा शब्द त्यांच्या तोंडी कमी. ‘एकदाच कर’ हा जास्त.

एका गोष्टीवरून मात्र त्या भांडायच्या. आमच्या हॉलमध्ये एकच टेलिफोन होता आणि बँकेचे साहेब लोक कधीही फोन करून कुणालाही मागायचे. मॅडमनी तो स्वतःच्या टेबलावर घेतला. सकाळी दहा ते एक पोरांना फोन द्यायचा नाही, मीटिंगला बोलवायचं नाही, चहासुद्धा जागेवर. वरच्या साहेबांनी टोमणा मारला, की चाळीतली पोरं आहेत ही, गोंगाटात अभ्यास करून आलेली, यांना कसली शांतता लागते? मॅडम मला सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘‘काय रे, चाळीत तू अभ्यास किती वाजता करायचास?’’ मी म्हटलं, ‘‘बारानंतर. रेडिओ बंद झाल्यावर.’’ ‘‘ऐकलंत?’’ एवढंच त्या साहेबांना म्हणाल्या. मग मला कळलं, की गरिबीचं कौतुक करून लोक आपली सोय कशी बघतात. चाळीनं मला गोंगाटात एकाग्र व्हायला शिकवलेलं नव्हतं; जागरण करायला शिकवलं होतं.

मॅडमच्या खणात टॉम डीमार्को आणि टिमोथी लिस्टर यांच्या ‘पीपलवेअर’ची झेरॉक्स होती. मूळ पुस्तक १९८७ चं. सॉफ्टवेअरची बरीचशी रखडगाडी तंत्रामुळं नसते, माणसांच्या आपसातल्या कारभारामुळं असते, असा त्याचा एकूण रोख. त्यात एक साधा हिशेब आहे: अशा कामात डोकं लागायला पंधरा मिनिटं किंवा जास्तच लागतात. म्हणजे फोन दोन मिनिटांचा असला तरी वाया गेलेला वेळ दोन मिनिटं नसतो. मॅडमनी त्या पानावर पेन्सिलीनं आमच्या हॉलचा हिशेब मांडला होता. कितीजण, दिवसाला किती फोन, किती तास गेले. तोच कागद त्यांनी वरच्या साहेबांपुढं ठेवला. फोनची गोष्ट तिथं मिटली.

लालबागची गोष्ट मी टीममधल्या प्रत्येकाला कधी ना कधी सांगितली आहे. आमचं सॉफ्टवेअर ज्या बँकेत चाले तिची एक शाखा तिथं होती. १९८३ पासून संघटनांशी करारामागून करार होत बँकांत कॉम्प्युटर हळूहळू शिरत होता. आधी लेजर पोस्टिंगची यंत्रं, मग अख्ख्या शाखेचं कॉम्प्युटरायझेशन. मला लागून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. काम कंटाळवाणं झालं होतं. त्याच त्या स्क्रीन, तेच रिपोर्ट. बरोबरची दोन पोरं अमेरिकेला गेली होती. एका सकाळी मॅडम म्हणाल्या, ‘‘आज इथं बसू नकोस. लालबागला जा आणि काउंटरच्या आतल्या बाजूला दिवसभर बस. बोलायचं नाही, फक्त बघायचं.’’

सेव्हिंगच्या काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांच्या मॉनिटरच्या कडेला सेलोटेपनं चिठ्ठी डकवलेली होती, पिवळी पडलेली, कडांना शाई पसरलेली. वर लिहिलं होतं: ‘एफ ३ दाबू नये. सगळं जातं.’ खाली वेगळ्या पेनानं, वेगळ्या अक्षरात: ‘आधी एफ ९, मग थांबणे, मग एफ ३.’ आणि त्याखाली तिसऱ्याच कोणीतरी: ‘रजेवरून येणाऱ्यांनी हे वाचावे.’ ती स्क्रीन आमच्या आधीच्या टीमनं लिहिलेली. एफ ३ दाबलं की न विचारता बाहेर पडायची आणि भरलेलं सगळं पुसलं जायचं. आमच्याकडे तक्रार कधी आलेली नव्हती. तक्रार कशाला येईल? बायकांनी चिठ्ठी लावून स्वतःपुरता मार्ग काढला होता.

दुपारी एक आजोबा आले, डोक्याला टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक. पैसे काढायचे नव्हते. व्याज चढलं का, एवढंच बघायचं होतं. बाईंनी पासबुक प्रिंटरमध्ये घातलं. डॉट मॅट्रिक्सची ती करकर झाली आणि माझ्या प्रोग्रामनं काढलेला आकडा कागदावर उमटला. आजोबा बाकावर जाऊन बसले, बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला. मग उठून काउंटरशी आले आणि बाईंना म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’ आणि गेले. पगाराला, बढतीला, नंतर मिळालेल्या पुतळीवजा ट्रॉफ्यांना, त्या ‘बरोबर आहे’ची सर कशालाच आली नाही. त्यांच्यामागं रांगेत पितळी टोकन हातात घेऊन उभी असलेली माणसं वैतागली होती. मी मात्र तिथं बसून, माझा पगार कोण देतो, हे पहिल्यांदा पाहत होतो.

संध्याकाळी परत आलो ते एफ ३ दुरुस्त करायचंच असं ठरवून. काम प्लॅनमध्ये नव्हतं. मॅडमनी बँकेच्या प्रोजेक्ट साहेबांकडून भांडून दोन दिवस मागून घेतले. ‘‘याला करू दे. याला आता ते सलतंय,’’ असं म्हणाल्या. पुढच्या वेळी लालबागला गेलो तर चिठ्ठी तशीच होती. बाई म्हणाल्या, ‘‘राहू दे हो, सवय आहे.’’

वाय-टू-के, म्हणजे २००० सालाच्या तारखांचा घोळ, आलं, गेलं. त्यावर सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी भर घालत नाही. एवढंच, की ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री ज्यांची गरज नव्हती त्यांना मॅडमनी घरी पाठवलं. बाकीच्या कंपन्यांत सगळ्यांना रात्रभर बसवून पिझ्झा दिला होता.

मग मी नोकरी बदलली. ती कंपनी कुठली ते सांगत नाही. पगार जवळपास दुप्पट, काचेची इमारत, रिसेप्शनला फुलं. दर पंधरा मिनिटांचा टाइमशीट. भिंतीवर महिन्याच्या उत्तम कर्मचाऱ्याचा फोटो. आणि एकाच वेळी तीन प्रोजेक्ट. सोमवारी एकाचं, मंगळवारी दुसऱ्याचं, बुधवारी तिन्हींची बोंब. आठ-नऊ महिन्यांत मी असा झालो, की रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा यायचा. बाबांना सांगितलं. ते तेव्हा थकलेले होते, पण ऐकल्या ऐकल्या म्हणाले, ‘‘म्हणजे दोनाचे तीन.’’

आमच्या आजोबांची ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ. ते रत्नागिरीकडून येऊन नुकते गिरणीत लागले होते. मालकांनी ठरवलं, की विणकरानं दोनाऐवजी तीन साचे सांभाळायचे. १९२८ चा सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप ज्या कारणांवरून पेटला त्यांतलं हे एक मोठं. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. आजोबा ते महिने गावी नाचणी-कुळथावर काढून परत आले. बाबांचं म्हणणं असं, की पैशासाठी माणूस तिसरा साचाही ओढतो. पण मग त्याचं लक्ष कापडावर नसतं, कुठला साचा आता बंद पडेल यावर असतं.

तोवर ही नोकरी सोडायची म्हणून मी बँकेत कारकुनीसाठी अर्ज भरून ठेवला होता. शेवटी मॅडमना फोन केला. त्यांनी दादरला ‘प्रकाश’ उपाहारगृहात बोलावलं. पियूषचा पेला पुढं सरकवून त्यांनी विचारलं, ‘‘या महिन्यात तू पूर्ण केलेलं एक काम सांग.’’ मी आठवत राहिलो. अर्धी कामं भरपूर होती. पूर्ण एकही नव्हतं.

‘‘पगारवाढ मागू नकोस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ती त्यांच्या खिशात असते, देतीलही, आणि तू तीन महिन्यांनी पुन्हा माझ्यासमोर बसशील. एक प्रोजेक्ट माग. नाही दिला तर मग सोड.’’

मागितला. कुरकुर करून दिला. मी ती नोकरी नंतर चार वर्षं केली.

आता या गोष्टींना शास्त्रही आहे, आणि आमच्या एचआरची मंडळी त्याच्या स्लाइडी दाखवतात. फ्रेडरिक हर्झबर्गनं पिट्सबर्ग भागातल्या इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून १९५९ मध्ये मांडलं, की माणसं वैतागतात ती पगार, नियम, वरिष्ठांचा जाच यांवरून. पण रमतात ती काम तडीस गेल्यानं, त्याची दखल घेतल्यानं, आणि मुळात त्या कामामुळंच. पहिल्या गोष्टी सुधारल्या तर वैताग कमी होतो, गोडी लागत नाही. तेरेसा अमाबिले या हार्वर्डच्या बाईंनी २३८ माणसांच्या रोजनिश्यांतल्या जवळपास १२,००० नोंदी तपासल्या. २०११ च्या त्यांच्या पुस्तकाचा निष्कर्ष असा, की आपल्या अर्थपूर्ण कामात आज थोडं पुढं सरकलो, ही जाणीव इतर सगळ्यांहून जास्त बळ देते. मॅनेजर लोकांना विचारलं तर त्यांनी ही गोष्ट यादीत तळाला टाकली होती. मला नवल वाटलं नाही. त्या मॅनेजरांत मी काही वर्षं उठबस केली आहे. पण हर्झबर्गचा पहिला भाग हे लोक सोयीस्कर विसरतात. पगार कमी देऊन ‘कामात अर्थ शोध’ म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे. बाबांच्या पिढीला अर्थ ठाऊक होता. तरी संप मुख्यतः पगारासाठीच झाला होता.

आज माझं ऑफिस लोअर परळला आहे, एका गिरणीच्याच आवारात उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. माझ्या हाताखालची पोरं हुशार आहेत, आमच्यापेक्षा कितीतरी. गेली दोनेक वर्षं त्यांचा प्रश्न वेगळाच आहे. एआय अर्धा कोड लिहितो. मग सर, मी नेमकं काय केलं? एकीनं हे विचारलं तेव्हा माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. मॅडमना फोन केला. त्या आता डोंबिवलीला असतात, सत्तरी उलटली आहे. म्हणाल्या, ‘‘तिला बसवलंस का कुठं, वापरणाऱ्याच्या शेजारी? नाही ना? मग तिला कसं कळेल?’’

तिला एका क्लायंटच्या गोदामात पाठवलं, भिवंडीला. आमचं ॲप तिथले हमालांचे मुकादम वापरतात. तिनं परत आल्यावर स्क्रीनवरचं एक बटण मोठं केलं, कारण त्या लोकांच्या हातात ग्लोव्ह्ज असतात. ते बटण एआयनंही मोठं केलं असतं, कुणी सांगितलं असतं तर. सांगायला कोणी गोदामात गेलेलं नव्हतं. त्या बदलावर तिनं, न सांगता, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्या मुकादमाचंही.

तेव्हापासून नव्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात असं एक दिवस कुठंतरी बसायला पाठवतो. कंपनीच्या खर्चाच्या फॉर्ममध्ये यासाठी सदर नाही. त्यामुळं रिक्षाचं भाडं आणि दुपारचं जेवण मी ‘किरकोळ’मध्ये टाकतो, आणि अकाउंट्सनं अजून हरकत घेतलेली नाही.